आईला दाखवायची गाडी

“ॲम्बॅसिडर,” आक्का म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मी परातीत पीठ मळत होते. आमचं स्वयंपाकघर घराच्या पार मागच्या अंगाला, रस्ता पुढं, आणि मधे आमच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. त्यात रस्त्यावरून गेलेली गाडी हिला ऐकू येते कशी, हे मला त्या घरात येऊन वर्ष उलटलं तरी कळलं नव्हतं.

“कुणाची?” मी मुद्दाम विचारलं.

“डॉक्टरांची न्हवं. त्यांची पेट्रोलवरची हाय. ही डिझेल. कुणाकडं तरी पावणं आल्यात.”

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, मालन. चाळिशीला आलेली, ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू. इचलकरंजीत तेव्हा बायकांना नाद असायचा तो सोन्याचा, फार तर सिनेमाचा. हिला गाड्यांचा. आणि मी अशी, की गाडी म्हटलं की माझ्या पोटात ढवळायचं. लग्न होऊन साताऱ्याहून आले तीसुद्धा वाटभर लिंबू हुंगत. नवी नवरी उतरली ती थेट ओकायलाच, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात.

माझ्या ह्यांना वहिनीची थट्टा करायची भारी खोड. जेवायला बसलं की विचारायचे, “वहिनी, देव समोर आला आणि म्हणाला, जगातली कुठली पण एक गाडी माग. काय मागाल?” मग स्वतःच मर्सिडीज, इंपाला अशी नावं घेत बसायचे. आक्का आमटी वाढता वाढता एकच उत्तर द्यायची. “हेराल्ड.”

“अहो, ती तर दारात उभी आहे!”

“मग? दुसरी कशाला मागू?”

ह्या हेराल्डची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती. आक्काचं माहेर आजऱ्याच्या पुढं, डोंगरात. तिच्या पाठीवर धाकटा भाऊ यशवंता, तोही बऱ्याच वर्षांनी झालेला. त्या बाळंतपणात आई अडली. सुईणीनं हात टेकले तेव्हा कुणीतरी सायकल मारत आजरा गाठला, आणि तिथून एक डॉक्टरीण आली. पांढरी साडी, काळा चष्मा, आणि हेराल्ड गाडी स्वतः चालवत. गाव आईला विसरून गाडी बघायला लोटलं. डॉक्टरणीनं गाडीचं नाक दिव्यांसकट पुढं उलटं पाडलं, आत सगळं इंजिन उघडं, आणि समोर उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मालनला ती म्हणाली, “जा गं, कळशीभर पाणी आण.” मालननं आणलं. तिनं स्वतःच्या हातानं गाडीला पाणी पाजलं. आई वाचली. बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या आई तिला म्हणाली, “बाई असून मोटार चालवती बघ. माझी लेक बी चालवंल.”

ती म्हणून गेली आणि विसरली असती, पण लेक विसरली नाही. तिनं लग्नात काही मागितलं नाही, नंतरही नाही. गाड्यांचे आवाज तेवढे ऐकत राहिली. शेवटी कारखाना जरा बरा चालू लागल्यावर भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सांगलीच्या एका वकिलाकडून वापरलेली हेराल्ड आणली. चार दारांची, फिकट आकाशी रंगाची. भाऊजी वाईट माणूस नव्हते हो. गावातल्या गिरणीमागच्या माळावर त्यांनी स्वतः तिला शिकवलं, लायसनसुद्धा काढून दिलं. पण बायको गाडी चालवत गावाबाहेर गेली तर चार लोक काय म्हणतील, इथं त्यांचं घोडं अडायचं. माळापर्यंत आक्का, त्यापुढं बाबू ड्रायव्हर.

मागल्या पाडव्याला गाडी आक्काच्या माहेरी नेली, ती बाबूनंच. आम्ही सगळे होतो. तिची आई काठी टेकत गाडीभोवती फिरली, पत्र्यावरून हात फिरवला, काचेत बघून पदर नीट केला. भाऊजी सासूला म्हणाले, “या, बसा मामी. वेशीपर्यंत चक्कर मारून आणतो.”

“न्हाई,” म्हातारी म्हणाली. “लेक चालवत आणंल तवा बसीन. आन् फुडं बसीन.”

सगळे हसले. आक्का हसली नाही. परत आल्यावर ती भाऊजींच्या मागं लागली, एकदा मला गाडी घेऊन आईकडं जाऊ द्या. भाऊजी म्हणाले, दिवाळीला. दिवाळीला सुताचे भाव चढले आणि त्यांना भिवंडीला पळावं लागलं. मग म्हणाले, जत्रेला. जत्रेला पाहुणे इतके आले की गाडी त्यांचीच ने-आण करत राहिली. आक्का रोज सकाळी गाडी पुसायची, सुरू करायची, इंजिनाकडं कान लावून उभी राहायची आणि बंद करून भाकऱ्या थापायला यायची.

त्या दिवशीही ती गाडी पुसूनच स्टोव्हपाशी बसली होती. भाऊजी आणि माझे हे दोघेही भिवंडीला गेलेले, बाबू पुतणीच्या लग्नाला गावी. एप्रिलचं ऊन सकाळीच परसात उतरलं होतं. तेवढ्यात मागच्या दारानं शिरगुप्पे काका आले. त्यांचं सुताचं दुकान आमच्या शेजारी, आणि गल्लीतला फोन त्यांच्याकडं. बोलावणं पाठवायचं सोडून काका स्वतः आले, तेव्हाच माझ्या हातातलं पीठ जड झालं.

“मालनवहिनी,” ते म्हणाले, “आजऱ्याहून फोन होता. आईंची तब्येत जरा जास्त आहे. निघा म्हणालेत.”

आक्कानं तव्यावरची भाकरी काढली. टोपलीत ठेवली. स्टोव्ह बंद केला.

“कवा आला?”

“आत्ताच.”

“बरं,” ती म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

काकांनी मला परसातल्या नळाकडं बोलावलं. “सूनबाई, पहाटेच गेल्या त्या. झोपेत. वाटेत सांगू नका. लेक पोचेपर्यंत उचलणार नाहीत, गाव थांबलंय. पण सांगू नका.”

हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडं फोनवर कुणी कुणाचं मरण सांगत नाही. जास्त आहे, या, एवढंच. ऐकणारा परका असेल तर त्याला लगेच उमगतं. ज्याचं माणूस असतं त्याला मात्र ते उमगत नसणार, वाटभर तो आशा धरून असणार, असं मी तरी धरून चालले होते.

मी आत आले तर आक्का देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढत होती.

“आक्का, टॅक्सी बघूया. काका करून देतील.”

“टॅक्सी कशाला? दारात गाडी हाय.”

“पण भाऊजी...”

“ते भिवंडीत हायती,” ती म्हणाली. “चल, लिंबू घे.”

बाई आता आजऱ्यापर्यंत गाडी चालवणार, शेजारी मी, आणि माझ्या पोटात ती बातमी. सांगितलं तर हिचे हात स्टिअरिंगवर थरथरणार. न सांगावं तर हिच्या तोंडाकडं बघत एवढा रस्ता काढायचा कसा? मी लिंबू घेतलं, काकांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

आक्कानं चपला काढून पायापाशी ठेवल्या. गाडीत ती अनवाणीच बसायची, देवळात बसल्यासारखी. पदर कमरेला खोचला, गाडी सुरू केली, जरा वेळ आवाज ऐकला आणि फाटकातून बाहेर काढली. पानपट्टीवरच्या पोरांच्या माना आमच्याबरोबर वळल्या. एक सायकलवाला बघता बघता हातगाडीला धडकला. आक्का समोर बघत होती.

आम्ही कागलला हायवेला लागलो आणि माझं पोट वर आलं. तिनं गाडी झाडाखाली घेतली. मी रस्त्याकडेला वाकले, ती पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

“आक्का, माझ्यामुळं उशीर होतोय.”

“हुंदे की. सावकाश. काय गडबड न्हाई.”

मला वाईट वाटलं. हिच्या लेखी आई तिकडं आजारी, आणि ही मला म्हणते गडबड नाही. पुन्हा गाडी निघाली तीही बैलगाडीपेक्षा जरा बरी, एवढ्याच वेगानं. मागून एस.टी. आली, ट्रक आले, एक लग्नाचं वऱ्हाड ट्रॅक्टरमधून पिपाण्या वाजवत आलं. सगळ्यांना तिनं हात बाहेर काढून पुढं जाऊ दिलं. नवीन हात आहे, जपून चालवत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

“रजनी,” निपाणी मागं पडल्यावर ती म्हणाली, “आईला पयल्यांदा कुठं न्यावं गं?”

मी खिडकीकडं तोंड केलं. “तुम्हीच सांगा.”

“रामतीर्थाला नेऊया. तिनं बघितलंय, पर चालत जाऊन. पाय सुजायचं तिचं. आता गाडी नदीच्या घाटापतोर जाती. फुडं बसवायची, काच खाली करायची. वारा लागला की बडबडत बसती बघ ती.”

“हो.”

“मग आंबोली. तितलं धुकं बघंल तर म्हणंल, चूल कुणी पेटवली एवढी?” आक्का हसली. “आन् येताना तुझ्यासारखंच करंल. तिला बी गाडी लागती. एस.टी.त बसली की लिंबू पायजेच.”

मी रडत होते. मळमळतंय असं म्हणून पदर तोंडाला लावला होता. गाडी लागायची खोड जन्मभर मला नडली, त्या दिवशी तेवढी ती कामाला आली. तरी एकदा हुंदका बाहेर पडलाच. आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. “लिंबू हुंग,” एवढंच म्हणाली.

पुढं एक रसवंती दिसली. तिनं गाडी थांबवली. मला खरंच राग आला. तिकडं त्या माउलीला थांबवून ठेवलेलं, सगळं गाव हिच्यासाठी उपाशी बसलेलं, आणि ही ऊस निवडून देतेय रसवाल्याला. आलं घाल म्हणतेय.

“आक्का, चला ना. वाट बघत असतील.”

“बघूंद्या,” ती म्हणाली आणि एक एक घोट घेत रस प्यायली. पेला खाली ठेवताना थोडा रस लुगड्यावर सांडला. तिनं तो पुसला नाही.

उत्तूर सोडल्यावर रस्ता डोंगराला भिडला. काजूची झाडं लागली, बोंडांचा आंबूस वास गाडीत यायला लागला. वळणावळणांवर आक्का गियर बदलायची ते मला कळायचंसुद्धा नाही. इतकं सुरेख गाडी चालवणं मी त्याआधी कुणाचं पाहिलं नव्हतं. बाबू त्याच रस्त्यानं नेताना आम्ही मागं बटाट्यासारखे घरंगळत होतो. हे तिला सांगावंसं वाटलं, पण त्या दिवशी कौतुक कुठल्या तोंडानं करायचं?

गाव वळणापलीकडं राहिलं तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून पुढची काच पुसली. चाकांवरची धूळ फडक्यानं झटकली. मग आत बसून आरशात बघत कुंकू सारखं केलं.

मला राहवलं नाही. “आक्का,” मी म्हणाले, “तुम्हाला एक सांगायचंय.”

“नको सांगू,” ती म्हणाली. “एवढं वळण जाऊंदे.”

मला वाटलं, हिला वाईट बातमीची धास्ती वाटतेय. तिनं गाडी पुन्हा सुरू केली आणि वेशीतून आत घेतली.

पारावर माणसं बसली होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, खाली बघणारी. गाडीचा आवाज आला तशी सगळी उठून उभी राहिली. घरापुढं बांबू बांधून तयार होता. कुणीतरी ओरडलं, “मालन आली गंऽ!” आणि बायकांचा एकच आकांत उठला. आक्का उजव्या बाजूचं दार उघडून उतरली. ती कुठल्या दारानं उतरली, गाडी कुणी आणली, हे बघायचं भान तिथं कुणाला असणार?

यशवंता पुढं आला. डोळे सुजलेले. “आक्का, किती उशीर! सकाळधरनं बसवून ठेवलीया तिला.”

आक्कानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती आत गेली. ही कोसळणार म्हणून मी तिला धरायला मागोमाग धावले. ती कोसळली नाही. तिकडच्या रीतीनं भिंतीला टेकवून बसवलेल्या आईच्या शेजारी बसली, तिची मान सरळ केली, कपाळावर आलेले केस मागं सारले. मग तिच्या कानाशी तोंड नेलं. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

“आई, गाडी आणलीया. मी चालवत.”

म्हणून झालं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. रडणाऱ्या बायकासुद्धा क्षणभर गप्प झाल्या.

लेकीच्या हातचं पाणी घालून झालं, आणि मग आईला उचललं. गाडी वाटेत होती म्हणून खांदेकरी तिला वळसा घालून गेले.

भाऊजी आणि माझे हे दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आले. भाऊजींनी अंगणात गाडी बघितली, मग आक्काकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, नदीवरून सगळे परतले, आमची निघायची वेळ झाली. चार माणसं ओट्यावर बसलेली होती. त्या सगळ्यांसमोर भाऊजी तिच्यापाशी गेले आणि किल्ली पुढं केली.

“मालन, जाताना तूच घे गाडी. मी शेजारी बसतो.”

चार लोक ऐकत होते, आणि कुणी काहीही म्हणालं नाही.

आक्कानं किल्लीला हात लावला नाही. “नको,” ती म्हणाली. “तुमीच घ्या.”

भाऊजी खाली मान घालून गाडीकडं गेले. हेही त्यांच्यामागं गेले. मी आक्काचं गाठोडं उचललं. आम्ही दोघीच मागं राहिलो होतो.

“घ्यायची होती ना आक्का. किती छान आणलीत तुम्ही. आणि आता तर भाऊजीच म्हणतायत.”

“आता कुठं जायचं गं मला?”

जे पोटात ठेवून आले होते तेच बाहेर पडलं. “मला माहीत होतं, आक्का. काकांनी निघतानाच सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही...”

“तुलाच म्हाईत हुतं व्हय?” ती म्हणाली. रागानं नाही. थकलेली होती. “अख्ख्या गल्लीत जास्त हाय म्हणून सांगावा आलेलं माणूस कधी जित्तं गावलंय का? काका दारात हुभं राहिलं तवाच मला कळलं.”

कागलचं झाड, रसवंती, वळणाअलीकडं पुसलेली काच, सगळं माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेलं. निपाणीपुढची माझी मळमळ खरी मळमळ नव्हती, हेही तिला कळलं असणार.

“मग... मग तुम्ही ते रामतीर्थ, आंबोली...”

“पोचलं की संपणार हुतं रजनी. वाटंत हुतो तोवर आई घरात हुती. खाटंवर बसून वाट बघत हुती माझी. म्हणून सावकाश आणली. जेवढी सावकाश आणीन तेवढा येळ ती जित्ती.”

गाडीचा हॉर्न वाजला. भाऊजी बोलावत होते. आक्कानं डोळे पुसले, यशवंताच्या बायकोला चार गोष्टी सांगितल्या, घराकडं एकदा बघितलं. मग गाडीपाशी जाऊन तिनं मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली. त्यानंतर ती गाडी आमच्याकडं पुष्कळ वर्षं होती. आक्का ती रोज सकाळी पुसायची. पण तिला पुन्हा स्टिअरिंगवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही.